आधार कुठे शोधावा?

समग्र शिक्षा योजनेतील विशेष शिक्षकांना मुलांपेक्षा एकटेपणा अधिक थकवतो. गणिताच्या शिक्षकाला त्याच शाळेत किंवा शेजारच्या शाळेत गणिताचा दुसरा शिक्षक भेटतो. विशेष शिक्षकाचे मुख्यालय मात्र गट साधन केंद्र, आणि काम तालुकाभर विखुरलेल्या शाळांत. तो आला की वर्गशिक्षक 'तुमचा विद्यार्थी' म्हणून मूल त्याच्या हवाली करतात. समावेशित शिक्षणाचा हेतू नेमका तिथेच निसटतो. मुंबईची जय वकील शाळा (१९४४) किंवा पुण्याची कामायनी (१९६४) अशा विशेष शाळांतून निदान शिक्षकखोलीत त्याच व्यवसायाची माणसे असतात.

'फार पुण्याचे काम करता' हे वाक्य या क्षेत्रात प्रत्येकाने ऐकलेले आहे. त्यात पद, वेतन, प्रवासभत्ता यांतले काहीच येत नाही. उलट सेवाभाव गृहीत धरला की कंत्राटी मानधनाची तक्रार करणेही अप्रशस्त ठरते. रजनीशकुमार पांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी केंद्र सरकारला विशेष शिक्षकांचे प्रमाण निश्चित करण्याचा आदेश दिला. त्यानंतर केंद्राने प्राथमिक स्तरावर विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक, हे प्रमाण ठरवले. मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला राज्यांना पदे निश्चित करण्याचे पुन्हा आदेश द्यावे लागले. संघटनांनी निवेदनात कौतुकाची भाषा टाळून हे आकडे आणि आपल्या तालुक्यातील मुलांची संख्या शेजारी शेजारी मांडावी.

कामाचे समाधान हा निराळा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर बरेचसे नोंदवहीत सापडते. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला हात धुवायला शिकवताना त्या कृतीचे टप्पे पाडले जातात: नळ उघडणे, हात ओले करणे, साबण चोळणे, धुणे, नळ बंद करणे, पुसणे. प्रत्येक टप्प्यापुढे मदतीचे स्वरूप लिहायचे असते. जूनमध्ये साबण चोळण्यासाठी हात धरावा लागत होता, दिवाळीनंतर नुसती खूण पुरते, हा बदल प्रगतिपुस्तकात कुठेच बसत नाही. तारीखवार नोंद नसेल तर तो शिक्षकाच्याही लक्षात राहत नाही आणि वर्ष वाया गेल्यासारखे वाटते. वैयक्तिक शैक्षणिक आराखडा तपासणीच्या आदल्या दिवशी भरणाऱ्यांचे नुकसान इथे होते. साध्य वर्षभराचे न ठेवता तीन महिन्यांचे ठेवले, तर फसलेली पद्धत वेळीच बदलता येते.

याच नोंदी पालकांशी बोलताना कामी येतात. आईला 'घरी सराव घ्या' असे मोघम सांगण्यापेक्षा 'या आठवड्यात नळ फक्त त्याने बंद करायचा' असे सांगितले की ती सहशिक्षिका होते. सगळे पालक साथ देतील असे नाही. मजुरीला जाणाऱ्या घरात आजी किंवा मोठी बहीण शोधावी लागते.

सहकाऱ्यांचा आधार मात्र मुद्दाम उभा करावा लागतो. भारतीय पुनर्वसन परिषदेकडील नोंदणीच्या नूतनीकरणासाठी सीआरई (सतत पुनर्वसन शिक्षण) गुण लागतात म्हणून कार्यशाळांना गर्दी होते, पण तिथे बोलणारा एक आणि ऐकणारे शंभर असतात. गट साधन केंद्रात महिन्याला दोन तास पुरेसे आहेत: एका शिक्षकाने एका मुलाचा आराखडा आणावा, नाव झाकावे, कुठे अडले ते सांगावे आणि इतरांनी काय करून पाहिले ते ऐकावे. नव्याने रुजू झालेल्यांना पहिल्या वर्षी जुन्या शिक्षकाचा पाठ पाहण्यासाठी दौरा मंजूर करण्याचा अधिकार गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे असावा.