कार्ड चालू झालं, आता गेट चालू करा

प्रति,
माननीय प्रशासक,
ट्रान्सपोर्टेशन सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन,
स्प्रिंगफील्ड, व्हर्जिनिया.

महोदय,

ह्यूस्टनच्या बंदरात जहाजं आणि त्यांच्यावरचा माल तपासणं हा माझा व्यवसाय. त्याआधी बरीच वर्षं मुंबईहून जहाजावर नोकरी केली. तुमच्या संस्थेने दिलेलं कार्ड कामाच्या दिवशी माझ्या गळ्यात असतं. ट्रान्सपोर्टेशन वर्कर आयडेंटिफिकेशन क्रेडेन्शियल हे त्याचं कागदोपत्री नाव. धक्क्यावर त्याला सगळे ‘ट्विक’ म्हणतात. वेल्डर, क्रेनचालक, कंटेनर ओढणारा ट्रकवाला, टगवरचा खलाशी, जहाजाला भाजीपाला पुरवणारा, खलाशांची विचारपूस करायला येणारा पाद्री, सगळ्यांना ते लागतं. नसेल तर सोबत कार्डवाला माणूस हवा. तोही नसेल तर गेटबाहेर थांबायचं.

कार्ड असू नये असं माझं म्हणणं नाही. २००१ च्या सप्टेंबरनंतर अमेरिकेने आपल्या बंदरांची काळजी करायची नाही तर कोणी करायची? २००२ च्या सागरी वाहतूक सुरक्षा कायद्यातून हे कार्ड आलं, ते योग्यच झालं. माझा प्रश्न कार्डाच्या पोटात जे ठेवलंय त्याच्या वापराबद्दल आहे. आणि तो मराठीत छापतोय, कारण इथे लागणाऱ्या जहाजांवर रत्नागिरी-रायगडकडची मुलं असतात आणि या कार्डाशी त्यांचाही संबंध येतो. तो कसा, ते पुढे सांगतो.

वरून पाहिलं तर ट्विक म्हणजे गाडीच्या लायसन्ससारखा प्लास्टिकचा तुकडा. पण आत चिप आहे, चिपमध्ये बोटांच्या ठशांचा सांकेतिक नमुना आहे आणि सोबत एक पिन आहे. ऑक्टोबर २००७ मध्ये डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टन बंदरात पहिली नोंदणी सुरू झाली, तेव्हा पाच वर्षांच्या कार्डाला १३२.५० डॉलर पडत. १५ एप्रिल २००९ पासून ते देशभर सक्तीचं झालं. पैसे बहुतेक वेळा कामगारच भरतो. आजही पहिल्या कार्डाचा आकडा सव्वाशे डॉलरच्या घरात आहे.

सुरुवातीची काही वर्षं हे कार्ड हातात पडणं म्हणजे दोन हेलपाटे होते. पहिल्यांदा नोंदणी केंद्रात जाऊन कागदपत्रं दाखवायची, फोटो आणि ठसे द्यायचे, पैसे भरायचे. मग तुमची माणसं गुन्ह्यांच्या नोंदी, इमिग्रेशनचे कागद आणि दहशतवाद्यांच्या याद्या तपासणार. कार्ड छापून आलं की पुन्हा केंद्रात जायचं, ते ‘ॲक्टिव्हेट’ करायला. काचेवर बोट ठेवायचं, चिपमधल्या ठशाशी ते जुळलं की पिन ठरवायचा, आणि कार्ड चालू. काम मिनिटांचं, पण रोजावरच्या माणसाचा त्यात खाडा होई. अलास्कातल्या कित्येक गावांना रस्ताच जात नाही. तिथल्या माणसाला नोंदणीसाठी एकदा आणि कार्ड चालू करायला पुन्हा एकदा विमानाने जावं लागायचं.

त्यात बोटं. दोरखंड ओढून, ग्रीस पुसून, सिमेंटच्या गोण्या हाताळून ज्याची बोटं गुळगुळीत झालीत, त्याचा ठसा यंत्राला पटकन सापडत नाही. महाराष्ट्रात रेशनच्या दुकानात गेलेल्या कुणालाही हे सांगायला नको. धान्याची पिशवी घेऊन उभी असलेली आजी मशीनवर अंगठा दाबते, पुसून परत दाबते, आणि दुकानदार म्हणतो, ‘उद्या या.’ ज्याने हातांनी सगळ्यात जास्त काम केलं, त्याच्यावरच यंत्र सगळ्यात जास्त संशय घेतं.

हा दुसरा हेलपाटा थांबवायला शेवटी कायदा करावा लागला. डिसेंबर २०१२ च्या कोस्ट गार्ड कायद्यात अमेरिकी काँग्रेसने लिहिलं, की अर्जदाराला केंद्रात एकदाच यावं लागेल अशी व्यवस्था २७० दिवसांत करा. २०१३ मध्ये अलास्का आणि मिशिगनमध्ये ती सुरू झाली, २०१४ मध्ये देशभर गेली. आता कार्ड टपालाने घरी येतं, पिन वेगळ्या पत्रातून येतो. २०२२ पासून बऱ्याच जणांचं नूतनीकरण घरबसल्या होतं. याचं श्रेय तुमच्या संस्थेला द्यायलाच हवं.

पण एक गोष्ट तेव्हा कुणी मोठ्याने बोललं नाही. ती फेरी इतक्या सहज बंद करता आली, कारण तिच्यावर पुढे फारसं काही अवलंबूनच नव्हतं. असंख्य कामगारांच्या बाबतीत ठसा जुळवून आणि पिन टाकून कार्ड वापरण्याचा तो पहिला प्रसंग होता, आणि शेवटचाही.

बाकी पाच वर्षं काय होतं? पहाटे पाचच्या सुमारास गेटवर पिकअपची काच खाली करायची, कार्ड पुढे धरायचं. गार्ड टॉर्चचा उजेड टाकतो, फोटो बघतो, तोंड बघतो, मुदत बघतो, हाताने ‘जा’ म्हणतो. मागे ट्रकांची रांग असते आणि त्याला आठ तास हेच करायचं असतं. त्याचा यात काडीचा दोष नाही. फोटो जुळतोय का, मुदत आहे का, कार्डाशी छेडछाड झालेली दिसते का, बहुतेक ठिकाणी नियम त्याच्याकडून एवढंच मागतो. चिप असते, तिला कुणी विचारत नाही. पिनचं तर काय सांगावं! ते पत्र कुठल्या खणात ठेवलंय हे सांगू शकणारा माणूस मला अजून धक्क्यावर भेटायचाय.

नजरेने तपासण्यात खरी अडचण वेगळी आहे. गुन्हा सिद्ध झाला किंवा कार्ड हरवलं, चोरीला गेलं, की तुमची संस्था ते रद्द करून रद्द कार्डांच्या यादीत टाकते. पण प्लास्टिकवरची तारीख त्यामुळे बदलत नाही. टॉर्चच्या उजेडात रद्द कार्ड आणि चालू कार्ड अगदी सारखी दिसतात. फरक कळायचा तर यंत्राला वाचावं लागेल, नाहीतर गार्डला दरवेळी यादी उघडावी लागेल. पहाटे पाच वाजता, मागे एवढी रांग असताना, तो ती उघडेल का, हे तुम्हीच सांगा.

हे मी एकटाच म्हणतोय असं नाही. मे २०११ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्याच लेखा-तपासणी संस्थेने, गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने, वेश बदलून माणसं पाठवली. ती बनावट कार्डांवर आत गेली, आणि खोटी माहिती देऊन मिळवलेल्या अस्सल कार्डांवरही आत गेली. दोन वर्षांनी त्याच संस्थेने कार्ड-वाचक यंत्रांची प्रायोगिक चाचणी तपासली आणि तिची आकडेवारी अपुरी, चुकीची आणि भरवसा ठेवण्यालायक नाही, असं स्पष्ट लिहिलं.

त्यानंतर २०१६ च्या ऑगस्टमध्ये यंत्रांचा नियम आला. सगळ्यात जोखमीच्या गटात सुमारे सव्वापाचशे ठिकाणं धरली. हजाराहून जास्त प्रवाशांची जहाजं लागतात ते धक्के, घातक माल मोठ्या प्रमाणात हाताळला जातो ती ठिकाणं. अंमल २०१८ मध्ये व्हायचा होता. मग काँग्रेसने थांबवलं, आधी मूल्यमापन दाखवा म्हटलं. घातक मालाशी संबंधित काही ठिकाणांची मुदत २०२३ वर गेली, तिथून २०२६ वर, आणि आता मे २०२९ वर. म्हणजे २००९ मध्ये ज्याने नाइलाजाने बोट टेकवून कार्ड चालू केलं, त्याचं बोट अशा एखाद्या गेटवर कामी येईपर्यंत मधे वीस वर्षं गेलेली असतील. तोवर तो निवृत्तही झाला असेल.

तुम्ही म्हणाल, आम्ही कार्ड देतो, गेट कोस्ट गार्डच्या अखत्यारीत येतं. खरंय. पण दोघांच्या डोक्यावर छप्पर एकाच गृहसुरक्षा विभागाचं आहे. कामगाराला तुमच्या आतल्या भिंती दिसत नाहीत, त्याला त्याचे सव्वाशे डॉलर दिसतात.

सगळीकडे यंत्रं लावा, असंही मी म्हणत नाही. खारट हवा, धूळ आणि हातमोजे यांच्यात यंत्रांचं काय होतं ते मी पाहिलंय. खडी आणि वाळू उतरवणाऱ्या छोट्या धक्क्याला चिप वाचणारं यंत्र घ्यायला लावणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. पण तिथल्या कामगाराला मग चिपचं कार्ड तरी कशाला? त्याची पार्श्वभूमी तपासा, फोटोचं साधं कार्ड द्या आणि कमी पैसे घ्या.

आता त्या मुलांबद्दल. परदेशी जहाजावर येणाऱ्या खलाशाला अमेरिकेचा खलाशी-व्हिसा असतो, इमिग्रेशन त्याला किनाऱ्यावर उतरायचा परवाना देतं, पण या व्हिसावर ट्विक मिळत नाही. मग जहाजाची शिडी ते टर्मिनलचं गेट या अंतरासाठी त्याला ट्विकवाला सोबती लागतो. नियमाने एक कार्डवाला सुरक्षित भागातून दहा जणांना नेऊ शकतो, प्रतिबंधित भागातून पाचच जणांना. बरीच वर्षं काही टर्मिनलं या चालण्याचे शेकडो डॉलर मागत, आणि खलाशी डेकवरूनच अमेरिका बघून परत जात. २०१० मध्ये काँग्रेसने हे मोफत करा म्हटलं. कोस्ट गार्डचा नियम यायला एप्रिल २०१९ उजाडलं, आणि अंमलाची मुदत होती जून २०२०. नेमका कोरोनाचा काळ, जेव्हा खलाशांना जहाजावरून उतरायलाच कुठे देत नव्हते.

एकदा टँकरवरचं काम संपवून निघालो, तेव्हा तिघा मुलांना सोबत घेऊन चाललो होतो. आधी ‘सर, सर’ चाललं होतं. मी मराठी बोललो आणि पुढच्या वाक्यापासून ‘काका’. त्यांना घरी व्हिडिओ कॉल करायला सिमकार्ड हवं होतं आणि बहिणीच्या लग्नासाठी काही खरेदी करायची होती. त्यातला एक देवगडचा. त्याने खिशातून आपलं भारतीय ओळखपत्र काढलं आणि म्हणाला, ‘काका, यातपण चिप आहे. चेहरापण आहे. मग हे का नाय चालत?’

त्याचं बरोबर होतं. भारताने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा खलाशी ओळखपत्राचा १८५ क्रमांकाचा करार २०१५ मध्ये स्वीकारला आणि २०१९ पासून चेहऱ्याची बायोमेट्रिक ओळख असलेलं कार्ड द्यायला सुरुवात केली. अमेरिकेने तो करार अजून स्वीकारलेला नाही. त्या मुलाला मी काही उत्तर दिलं नाही, गेटपर्यंत सोडलं आणि परतीची वेळ ठरवून दिली. ते उत्तर द्यायचं काम तुमचं आहे.

तेव्हा मागणी सरळ आहे. जोखमीच्या ठिकाणी यंत्रं लावायची असतील तर मे २०२९ ही तारीख आता हलू देऊ नका, आणि यंत्र येईपर्यंत रद्द कार्डांची यादी रोज बघण्याची सक्ती करा. जिथे यंत्र कधीच लागणार नाही, तिथल्या कामगाराकडून चिपचे पैसे घेऊ नका. आणि मोफत सोबतीचा नियम कोणतं टर्मिनल किती पाळतं, हे दरवर्षी जाहीर करायला कोस्ट गार्डला सांगा. हे शेवटचं काम तर यंत्राशिवाय, एका पत्राने उद्याच सुरू होऊ शकतं.

आपला,
ह्यूस्टन बंदरातला एक ट्विकधारक