नवे मॉडेल आले, पण आत काय आहे?

बारावीचा निकाल लागला, प्रवेशाच्या याद्या लागू लागल्या, की मीरा-भाईंदरमधल्या घराघरांत एकच विषय सुरू होतो. लॅपटॉप! नेमक्या त्याच सुमारास दुकानांच्या काचांवर 'नवीन मॉडेल आले' अशा पाट्या झळकू लागतात. दरवर्षी जानेवारीत अमेरिकेतील लास वेगास शहरी इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे मोठे प्रदर्शन भरते. तेथे नवे प्रोसेसर जाहीर होतात आणि पुढील काही महिन्यांत ते बसवलेले लॅपटॉप आपल्याकडे येऊन पोहोचतात. मुलगा म्हणतो, नवीनच पाहिजे. वडील म्हणतात, झेपेल तेवढाच घेऊ. आणि आई मुकाट्याने भिशीचा नंबर कधी लागतो, पतपेढीतून किती उचलता येतील, याचा हिशेब मांडत बसते.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या घरांत लॅपटॉप ही वर्षा-दोन वर्षांनी बदलायची वस्तू नाही. थोरल्याची पदवी त्याच्यावर व्हायची असते, धाकटीची अकरावी-बारावीही त्याच्यावरच व्हायची असते, आणि नोकरीचे अर्जही त्याच्यावरूनच जायचे असतात. चार-पाच वर्षे तो चालला पाहिजे. चुकीचा पदरात पडला तर हप्ते फिटायच्या आधीच तो रडू लागतो. म्हणून या आठवड्यात हाच विषय घेत आहोत.

आम्हांला हमखास विचारला जाणारा प्रश्न असा: "कोणती कंपनी चांगली?" आमचे म्हणणे असे, की हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. आधी विचारावे, काम काय करायचे आहे? मग, आत काय बसवले आहे? मग, पुढे वाढवता येईल का? आणि बिघडला तर दुरुस्त कोण करील? या चारांची उत्तरे मिळाली, म्हणजे कंपनी आणि रंग मुलांना खुशाल निवडू द्यावा.

कारकून, टेबल आणि कपाट

जाहिरातीतील शब्दांनी गोंधळून जाण्याचे कारण नाही. आम्ही कारकुनी पेशाचे, म्हणून कचेरीचाच दाखला देतो. प्रोसेसर म्हणजे काम उरकणारा कारकून, आणि त्यातील कोअर म्हणजे त्याचे हात. रॅम म्हणजे त्याच्यापुढचे टेबल. टेबल मोठे असेल तर दहा फायली एकदम उघडून बसता येते, लहान असेल तर एक मिटल्याशिवाय दुसरी उघडत नाही. एसएसडी म्हणजे मागचे फायलींचे कपाट. कारकून कितीही हुशार असो, टेबल वीतभर असेल तर काम तुंबणारच! महागडा प्रोसेसर आणि तुटपुंजी रॅम ही अशीच विजोड जोडी होय.

कपाटाविषयी एवढेच ध्यानात ठेवावे: एसएसडी ५१२ जीबीची घ्यावी. स्वस्तातल्या काही यंत्रांत ६४ किंवा १२८ जीबीची ईएमएमसी नावाची साठवण असते. ती मंदही असते आणि विंडोजच्या अद्ययावतीकरणांनी लवकर भरूनही जाते. ती टाळावी. आणि ५१२ जीबीची एसएसडी घरी आणल्यावर विंडोजमध्ये सुमारे ४७६ दिसली, तर दुकानदाराशी भांडायला जाऊ नये. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत, एवढाच तो फरक आहे.

आधी काम लिहून काढा

वाणिज्य आणि कला शाखेच्या मुलांना वर्ड, एक्सेल, टॅली, इंटरनेट आणि व्हिडिओवरील व्याख्याने एवढेच काम असते. त्यांना 'कोअर आय३-१२१५यू' सारखा सहा कोअरचा प्रोसेसर पुरून उरतो. रॅम ८ जीबी चालेल, १६ असल्यास उत्तम. मात्र टॅलीप्राइम विंडोजवरच चालते, तेव्हा वाणिज्य शाखेच्या मुलाने ॲपलच्या मॅकबुकचा किंवा क्रोमबुकचा हट्ट धरू नये.

बी.एस्सी. आयटी आणि संगणक अभियांत्रिकीच्या मुलांना मात्र १६ जीबी रॅम हवीच. मोबाईलचे ॲप तयार करण्यासाठी ॲण्ड्रॉइड स्टुडिओ आणि त्यातील नकली फोन एकत्र चालवायचा, तर ८ जीबीत श्वास कोंडतो. स्थापत्य, यांत्रिकी आणि वास्तुशास्त्र यांसाठी ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स यांसारखी जड कामे येतात. तेथे अधिक ताकदीचा प्रोसेसर आणि वेगळे ग्राफिक कार्ड यांवर खर्च करणे रास्त आहे. तरीही प्रथम कॉलेजात विचारून कोणत्या वर्षी कोणते सॉफ्टवेअर लागते हे लिहून आणावे.

आमच्या ओळखीच्या एका ताईंचा मुलगा बी.कॉम.ला. त्याला गेमिंगचाच लॅपटॉप हवा होता. ताई म्हणाल्या, "दादा, ह्याचे सगळे मित्र म्हणे तोच घेतात." आम्ही त्याला विचारले, "बाळा, टॅलीच्या व्हाउचरला ग्राफिक कार्ड लागते का रे?" पोरगा हसला. मग वजनाचा विषय काढला. तसे यंत्र सव्वादोन-अडीच किलोचे असते आणि त्याचा चार्जरही चांगलाच जड असतो. सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये भाईंदरला चढून, बॅग पोटाशी धरून अंधेरीपर्यंत उभे राहायचे, ते रोज! शिवाय अशा यंत्राची बॅटरी लवकर संपते आणि वर्गात प्लग जवळ असेलच असे नाही. दीड-पावणेदोन किलोच्या लॅपटॉपवर त्या मुलाचे अवघे काम होते.

नव्या अंकाआड जुना माल

आता मुख्य मुद्दा. मॉडेल नवे आहे म्हणजे आतला प्रोसेसरही नवा आहे, असे मुळीच समजू नये. एएमडी कंपनीच्या 'रायझन' प्रोसेसरचे उदाहरण घ्या. ७००० च्या मालिकेतील अंक कसे वाचायचे, हा नियम कंपनीनेच २०२२ साली जाहीर केला. त्यात पहिला अंक मालिकेचे वर्ष दाखवतो आणि तिसरा अंक आतील रचना. 'रायझन ५ ७५२०यू' मध्ये तिसरा अंक २ आहे. म्हणजे रचना 'झेन २', जी २०१९ साली बाजारात आली. 'रायझन ५ ७५३०यू' मध्ये तो ३ आहे, म्हणजे २०२० सालची 'झेन ३'. आणि 'रायझन ५ ७५४०यू' मध्ये ४, म्हणजे २०२२ सालची 'झेन ४'. तिन्हींच्या खोक्यावर 'रायझन ५' आणि ७ हा आकडा! पण पहिल्यात कोअर चार आणि पुढच्या दोहोंत सहा. ग्राहक मात्र 'फरक फक्त दहा अंकांचा' असे समजून स्वस्तातला उचलतो. शिवाय ७५२०यू असलेल्या लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डावरच पक्की बसवलेली असते. ८ जीबी घेतली की जन्मभर ८ जीबीच.

इंटेलचीही तऱ्हा निराळी नाही. पूर्वी 'आय५-१२३५यू' लिहिले की पहिल्या दोन अंकांवरून बारावी पिढी ओळखता येई. डिसेंबर २०२३ मध्ये 'कोअर अल्ट्रा' ही नवी नावे आली आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्या जोडीला नुसती 'कोअर ५', 'कोअर ७' अशीही. त्यांपैकी 'कोअर ५ १२०यू' ची रचना तेराव्या पिढीच्याच जातकुळीची आहे. कानाला 'कोअर ५' आणि 'कोअर अल्ट्रा ५' सारखेच वाटतात, पण दोन्ही वेगळे माल आहेत. दुकानात बोललेल्या नावावर न जाता पूर्ण क्रमांक कागदावर लिहून घ्यावा. शेवटचे अक्षरही पाहावे. 'यू' म्हणजे कमी वीज खाणारा, बॅटरी टिकवणारा. 'एच' म्हणजे ताकदीचा, पण तापणारा.

जुना माल वाईटच असतो, असे आमचे म्हणणे नाही. हिशेब जाणणाऱ्याचा फायदा उलट येथेच आहे. नवे मॉडेल आले की गेल्या वर्षीच्या मॉडेलवर सूट लागते. गेल्या वर्षीचा सहा-आठ कोअरचा, १६ जीबीचा लॅपटॉप आणि त्याच किमतीत यंदाचा चार कोअरचा, ८ जीबीचा लॅपटॉप, असे दोन समोर आले तर पहिला बेलाशक उचलावा. जुन्याला जुन्याचा भाव द्यावा, नव्याचा नव्हे. एवढाच मुद्दा आहे.

वाढवता येईल का?

"आता ८ जीबी घ्या, पुढे वाढवू," असे दुकानात सहज सांगितले जाते. त्यावर लगेच विचारावे, "रॅमची खाच मोकळी आहे का? किती खाचा आहेत?" पातळ, हलक्या लॅपटॉपपैकी बऱ्याच यंत्रांत एकही खाच नसते. अशा यंत्रात लागणारी रॅम पहिल्याच दिवशी घ्यावी लागते. प्रदर्शनातील यंत्रावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स आणि मग मेमरी निवडली की किती रॅम आहे आणि बहुतेक यंत्रांत किती खाचा वापरल्या आहेत, हे दिसते. दुकानदाराच्या तोंडापेक्षा हा पडदा अधिक खरा. आणि 'पुढे स्वस्त होईल' या भरवशावरही फार राहू नये. एआयच्या डेटा सेंटरांसाठी मागणी वाढल्याने २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव जगभर चढले.

एआयवरून आठवले. सध्या 'एआय लॅपटॉप' अशा चिकटपट्ट्यांचा सुळसुळाट झाला आहे. मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये 'कोपायलट प्लस पीसी' हा वर्ग जाहीर केला आणि त्यासाठी किमान १६ जीबी रॅम, २५६ जीबी साठवण व एक खास प्रोसेसर अशी अट घातली. परंतु मुले अभ्यासाला ज्या एआयला प्रश्न विचारतात, ते कंपनीच्या दूरच्या संगणकांवर चालते. त्यासाठी इंटरनेट असले की साधा लॅपटॉप पुरतो. त्या चिकटपट्टीसाठी कर्ज वाढवू नये. याच वर्गातील स्नॅपड्रॅगन प्रोसेसरची यंत्रे बॅटरीला चांगली आहेत, पण विंडोजची काही जुनी सॉफ्टवेअर आणि प्रिंटरची जोडणी त्यांवर अडते. कॉलेजचे सॉफ्टवेअर चालते का, हे आधी पाहूनच त्यांच्या वाटेला जावे.

वापरलेला घ्यायचा असेल तर

ज्यांना नवा झेपत नाही, ते ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठतात. कंपन्यांनी वापरून काढलेले मजबूत लॅपटॉप तेथे मिळतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. फक्त एक गाठ मारून ठेवावी. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या सर्वसाधारणपणे आठव्या पिढीपासून पुढेच चालते. म्हणजे 'आय५-८२५०यू' चालेल, 'आय५-७२००यू' नाही. नुसते 'आय५ आहे' म्हणून सांगितले तर भुलू नये. बॅटरीचा अहवाल काढून दाखवायला सांगावा. त्यात मूळ क्षमता किती होती आणि आज किती उरली, हे दोन्ही आकडे येतात.

पैशाचा हिशेब

छापील किमतीत सर्व कर धरलेले असतात. 'बिल नको असेल तर कमी करतो,' या शब्दांना बळी पडू नये. बिल नाही, तर वॉरंटीही नाही आणि तक्रारही नाही. बिलावर मॉडेलचा पूर्ण क्रमांक आणि यंत्राचा सीरियल नंबर लिहून घ्यावा. वॉरंटीत माणूस घरी येतो की आपणच यंत्र घेऊन जायचे आणि कोठे जायचे, हेही विचारावे.

बिनव्याजी हप्ता म्हणून जे सांगतात, त्याचीही फोड करून पाहावी. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले होते. कार्डावरील अशा हप्त्यांत व्याजाइतकी सूट किमतीत दाखवतात, पण प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा १८ टक्के जीएसटी बहुधा आपल्याच खिशातून जातो. रोखीचा भाव आणि सर्व हप्त्यांची बेरीज शेजारी-शेजारी मांडावी. उत्तर आपोआप दिसते.

एवढे करूनही फसवणूक झालीच तर गप्प बसू नये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते. मीरा-भाईंदरकरांसाठी तो जिल्हा ठाणे. कंपनीचे कार्यालय बंगळुरूला असो की दिल्लीला.

शेवटी एकच सांगणे. दुकानात जाण्यापूर्वी घरच्या सर्वांनी मिळून एका चिठ्ठीवर काम, प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, रॅम व मोकळी खाच, एसएसडी, वजन आणि बजेट हे सहा मुद्दे लिहावेत. लॅपटॉप ज्याच्यासाठी घ्यायचा, त्यालाच ती चिठ्ठी लिहायला लावावी. विक्रेता बोलू लागला की चिठ्ठीतल्या मुद्द्यांवर बोट ठेवून एकेक विचारावे. आणि जिला हप्ते फेडायचे आहेत, त्या आईलाही दुकानात सोबत न्यावे. पैसा तिचा आहे, प्रश्न विचारण्याचा पहिला हक्कही तिचाच आहे.