चुना नको, पलिताही नको

संपादक महोदय,

गांधीलमाशीचे पोळे दिसताच जाळावे आणि डंखावर चुना लावावा, हा आपल्या अंकातला सल्ला धोक्याचा आहे. ही माशी काटा अंगात सोडून जाते, हे विधानही चूक. काटा रुततो तो मधमाशीचा, गांधीलमाशी तोच काटा पुन्हापुन्हा मारते. विष कातडीखाली उतरते, वर फासलेला चुना तिथवर पोचत नाही, उलट कातडी भाजतो. साबणाने धुवून बर्फ लावावा. अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, धाप लागली, तर थेट दवाखाना गाठावा. तेव्हा मांडीत दिलेले अॅड्रेनलिनच जीव वाचवते. कापूरहोळच्या हमरस्त्यापासून दूर, वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाड्यांना तर चुन्यात घालवलेली घटका परवडणारीच नाही.

राहिले पोळे. चघळलेल्या लाकडाच्या कागदाचे, बारीक देठावर लोंबणारे ते घर. त्यातली पिल्ले भाजीवरच्या अळ्यांवर पोसली जातात. म्हणून उंच वळचणीचे राहू द्यावे. लेकरांचे काय, असा आक्षेप येईल. दाराच्या चौकटीवरचे जरूर काढावे, पण अंधार पडल्यावर, अंग झाकून, जाणत्या माणसाकडून. पेंढ्याच्या गंजीशेजारी रॉकेलचा पलिता नेऊन नव्हे. दुरुस्ती छापावी.

एक वाचक,
कापूरहोळ (ता. भोर)