‘नाही’ सांगायला माणूस हवा

समजा, पाचूबंदरच्या एखाद्या नाखव्याने बोटीवरच्या लॅपटॉपवर ओपनसीपीएन घेतलं. समुद्राचे नकाशे दाखवणारा, जीपीएस जोडला की आपली बोट कुठे आहे ते सांगणारा, एआयएसवरून आसपासची जहाजं टिपणारा हा प्रोग्रॅम फुकट मिळतो. २००९ पासून हौशी मंडळी तो सांभाळताहेत, आणि त्यांतली बरीचशी स्वतः दर्यावर जाणारी आहेत. नाखव्याला त्यात एक उणीव लगेच दिसेल. डोल, म्हणजे पिशवीसारखं जाळं, बांधायला समुद्रात आपण ज्या कवी, म्हणजे खांब, मारतो, त्यांची वेगळी खूण नकाशावर नाही. तो लिहील, ‘डोलीची खूण द्या.’

उत्तर बहुधा असं येईल: सोय आहेच. हवं ते चित्र करा, अमुक फोल्डरमध्ये टाका, आणि मनाला येईल त्या जागेला लावा. मुक्त सॉफ्टवेअरकडे येणाऱ्या मागण्यांत अशा, असलेलीच वस्तू मागणाऱ्या, काही कमी नसतात.

पण नाखवा तिथे थांबणारा नाही. डोल चालते पाण्याच्या ओढीवर. तेव्हा भरती-ओहोटीप्रमाणे प्रत्येक कवीचा रंग बदलावा, अशी त्याची पुढची मागणी. आता त्याला प्लगइनचा रस्ता दाखवला जाईल. मूळ प्रोग्रॅम सडसडीत ठेवायचा आणि ज्याला जे खास हवं ते त्याने, किंवा त्याच्यासाठी कुणी, बाहेरून जोडायचं अशी ही रचना आहे. नाखव्याला ही टोलवाटोलवी वाटेल. मला ती अगदी रास्त वाटते. सोय तयार करायला शनिवार-रविवार पुरतो, ती टिकवायला वर्षं जातात. विंडोज बदललं, मॅक बदललं, लिनक्स बदललं की दर वेळी डोलीचा रंग अजून बदलतो ना, हे कुणीतरी तपासायचं. तेही असा माणूस, ज्याने आयुष्यात बोंबील पाहिलेला नाही. आणि पगार? शून्य.

मराठी विकिपीडियाचा अनुभव याहून बोलका आहे. १ मे २००३ ला सुरू झालेलं हे काम आजवर स्वयंसेवकांनीच ओढलं आहे. त्यामागचं मीडियाविकी हे सॉफ्टवेअर मात्र सगळ्या भाषांना सामायिक. मराठी विकीची एखादी तांत्रिक मांडणी बदलायची तर फॅब्रिकेटर या तक्रारवहीत मागणी नोंदवावी लागते, आणि तिथे पहिला प्रश्न येतो तो हा, की तुमच्या लोकांनी हे कुठे ठरवलं? मग चावडीवरच्या चर्चेचा दुवा द्यायचा. चावडी म्हणजे तिथली सार्वजनिक चर्चेची जागा. पुष्कळांना हा लाल फितीचा कारभार वाटतो. खरी अडचण वेगळी आहे. मराठीच्या चावडीवर चार जणांनी होकार दिला तरी गर्दी झाल्यासारखी वाटते, आणि बाकीच्यांच्या मौनाला संमती समजायचं की कंटाळा, हे कळायला मार्ग नसतो. तरी नियम मला पटतो. एकाची हौस साऱ्यांच्या गळ्यात पडण्याआधी त्याने निदान शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारलेलं बरं.

मागणारा किती जोर लावू शकतो, हे २०२४ मध्ये जगाने पाहिलं. एक्सझेड ही फायली दाबून लहान करणारी छोटीशी वस्तू, लिनक्सच्या असंख्य यंत्रांत बसलेली. फिनलंडचा एक प्रोग्रॅमर ती वर्षानुवर्षं जवळपास एकट्याने, विनामोबदला सांभाळत होता. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी त्याच्यामागे लकडा लावला: सुधारणा लवकर घ्या, जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या. त्याच सुमारास ‘जिया टॅन’ नावाचा भलताच तत्पर मदतनीस हाताशी होता. हळूहळू किल्ल्या त्याच्याकडे गेल्या आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपलं लॉगिन अर्धा सेकंद उशिरा होतंय हे खटकलं, म्हणून २९ मार्च २०२४ ला बिंग फुटलं. तो लकडा ठरवून लावलेला होता, असं आज बहुतेक जाणकार मानतात. पण इतकी वर्षं तो कुणालाच विचित्र वाटला नाही, कारण फुकट राबणाऱ्याला असं बोलायची पद्धतच पडलेली आहे.

म्हणून नकार द्यायला माझी ना नाही. माझी तक्रार नकाराच्या एका प्रकाराबद्दल आहे. मुक्त सॉफ्टवेअरचे प्रकल्प जिथे ठेवले जातात त्या गिटहबवर बऱ्याच प्रकल्पांनी ‘स्टेल’ नावाचा बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, बसवला आहे. साठ दिवस कुणी बोललं नाही की तो मागणीवर ‘शिळी’ असा शिक्का मारतो आणि आणखी सात दिवसांनी ती बंद करतो. मुदत बदलता येते, पण मुळातली सोय हीच. ढीग साठतो, सांभाळणारा दमतो, हे सगळं मान्य. पण साठ दिवस गप्प बसला तो उत्तर देणारा, आणि मागणी शिळी ठरली विचारणाऱ्याची! फॅब्रिकेटरवर ‘नाकारली’ अशी सरळ पाटी आहे. ती लावणाऱ्याचं नाव दिसतं, खाली बहुधा कारणही असतं, आणि त्या कारणावर नाखव्यासारख्या मागणाऱ्याला भांडता येतं.