तारीख तुमची, नंबर एजंटचा

बेळगोळ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे गोमटेश्वर उभा राहतो. पण ते श्रवणबेळगोळ, हासन जिल्ह्यातले. इथे गोष्ट आहे ती म्हैसूरहून कृष्णराजसागर धरणाकडे जाताना लागणाऱ्या बेळगोळची. वृंदावन गार्डनला गेलेल्या कितीतरी मराठी कुटुंबांनी त्याच्या जवळून प्रवास केला असेल, पण नाव लक्षात राहिले नसेल. या गावाची एक गंमत आहे. म्हैसूर अगदी जवळ. कामधंदा, बाजार, कॉलेज सगळे तिथेच. पण सरकारदरबारी गाव मंड्या जिल्ह्यातले, श्रीरंगपट्टण तालुक्यातले. आणि बेळगोळचेच नाव लावणारी औद्योगिक वसाहत मात्र म्हैसूरच्या मेटगळ्ळी भागात!

मग इथल्या मुलीने स्कूटरचे लायसन्स काढायचे कुठे? गावापासून चांगल्याच लांब असलेल्या मंड्याला, की शेजारच्या म्हैसूरला? पूर्वी उत्तर सोपे आणि गैरसोयीचे होते : ज्या आर.टी.ओ.च्या हद्दीत राहता किंवा कामधंदा करता, तिथेच. मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली आणि ही हद्दीची अट सैल झाली. ज्या राज्यात तुम्ही राहता किंवा काम करता, त्या राज्यातल्या कोणत्याही परवाना कार्यालयाकडे अर्ज करता येतो. म्हैसूरच्या हेब्बाळ भागात इन्फोसिसचे मोठे प्रशिक्षण केंद्र आहे. नोकरीनिमित्त म्हैसुरात बिऱ्हाड केलेल्या मराठी मुलामुलींनाही ही सवलत उपयोगाची आहे. अट एकच, पत्त्याचा पुरावा इथला हवा. आधार कार्डावर साताऱ्याचा पत्ता असेल, तर आधारच्या जोरावर घरबसल्या अर्ज करताना साताराच उमटणार.

कार्यालय निवडता आले म्हणजे काम झाले असे मात्र नाही. खरी मेख तारखेत आहे.

शिकाऊ लायसन्स हातात आल्यावर निदान तीस दिवस पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येत नाही. हे दिवस शिकण्यासाठी आहेत. आणि शिकाऊ लायसन्स चालते फक्त सहा महिने. ते संपले की पुन्हा नवा अर्ज, नवी फी, पुन्हा वाहतुकीच्या खुणांची परीक्षा. म्हणजे टेस्टसाठी हातात उरतात पाच महिने. नापास झाल्यास सात दिवसांनी पुन्हा बसता येते. पण तीनदा नापास झाल्यास साठ दिवस थांबावे लागते, म्हणजे पाचातले दोन महिने गेलेच. फार नव्हे, पण दसरा-दिवाळीची सुट्टी, परीक्षा, घरातले लग्न आणि कार्यालयाची लांबलेली तारीख असे सगळे एकत्र आले की हे पाच महिने कापरासारखे उडून जातात.

टेस्टची तारीख मिळते केंद्र सरकारच्या ‘सारथी’ या संगणक व्यवस्थेतून. त्या त्या कार्यालयात रोज ठराविक जणांचीच टेस्ट होते. उमेदवाराने मोकळा दिवस आणि वेळ पाहून नाव लावायचे. केंद्राच्या नियमात टेस्टची फी आहे प्रत्येक प्रकारच्या वाहनाला 300 रुपये, आणि शिकाऊ लायसन्सची 150. त्यावर राज्याचे किरकोळ आकार. एवढे सरळ काम असताना मग एजंटला हजारो रुपये कशाचे?

अर्जात मोबाइल नंबरची एक चौकट असते. तारीख घेताना सांकेतिक आकडा येतो तो त्याच नंबरावर. पुष्कळदा घडते असे, की ‘तुम्ही काळजी करू नका, सगळे आम्ही करतो’ म्हणणारा माणूस त्या चौकटीत स्वतःचा नंबर घालतो. झाले! अर्ज तुमचा, फी तुमची, सही तुमची. पण तारीख घेण्याची आणि बदलण्याची किल्ली त्याच्या खिशात. ‘या महिन्यात नंबर नाही’ असे त्याने सांगितले की मान हलवायची. नंबर खरोखरच नव्हता, की त्याच्याकडे आणखी चार गिऱ्हाइके जमायची होती, हे कळायला मार्ग नाही.

ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांचीही बाजू आहे, ती नाकारून चालणार नाही. टेस्टला गाडी उमेदवाराने आणायची असते. स्कूटर घरात असते किंवा शेजाऱ्याची मिळते. मोटार आणायची कुठून? आणि ‘एच’च्या आकारात रिव्हर्स घ्यायची ती नव्या माणसाने काकांच्या कोऱ्या गाडीवर? काकाच नको म्हणतील. म्हणून मोटार शिकणारा स्कूलच्या गाडीवर अवलंबून राहतो आणि गाडीबरोबर तारीखही त्यांच्या सोयीची होते. पण गाडी स्कूलची असली म्हणून मोबाइल नंबर त्यांचा असायला हवा, असे कुठल्याही नियमात नाही.

नियमांबद्दलच्या अफवांनीही एजंटांचे फावते. 2024 च्या मे महिन्यात मोबाइलवरून एक बातमी घरोघर फिरली : 1 जूनपासून आर.टी.ओ.त टेस्ट नाही, खासगी स्कूलच लायसन्स देणार! शेवटी केंद्रीय खात्याला खुलासा करावा लागला, की 1 जूनपासून काहीही बदललेले नाही. मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम 2021 पासूनच आहेत. अशा केंद्राला किमान एक एकर जागा, चाचणीचा ट्रॅक आणि सिम्युलेटर लागतो. हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम चार आठवड्यांत 29 तासांचा, त्यातले 21 तास प्रत्यक्ष चालवण्याचे. तिथे उत्तीर्ण झालेल्याला टेस्टमधून सूट मिळते, पण लायसन्स देते ते सरकारी कार्यालयच. कोपऱ्यावरचे एका गाडीचे स्कूल म्हणजे असे केंद्र नव्हे.

तारखेचा हा बाजार फक्त आपल्याकडेच आहे असे समजायचे कारण नाही. तिकडे ब्रिटनमध्ये तर त्याने कहर केला. कोरोनाच्या काळात टेस्ट बंद राहिल्या, रांग वाढली. मग दलालांनी संगणकाच्या साहाय्याने तारखा उचलल्या आणि 62 पौंडांची टेस्ट कित्येक पटींनी विकायला सुरुवात केली. लंडनला स्थायिक झालेल्या मराठी घरांतली मुलेही या रांगेत आहेतच. 2025 च्या नोव्हेंबरात तिथल्या सरकारने जाहीर केले, की यापुढे टेस्टची तारीख फक्त शिकणाऱ्यानेच घ्यायची, शिक्षकानेसुद्धा नाही. तारीख बदलण्याच्या संधीही दोनवर आणल्या.

आपल्याकडे तसा हुकूम नाही. त्यामुळे कोणाच्या नंबरावर अर्ज भरायचा, हे घरच्यांनीच पाहायचे. पहिल्या दिवशी स्वतःचा नंबर घालावा, अर्ज क्रमांक वहीत लिहून ठेवावा. एकतिसाव्या दिवसाची वाट न पाहता आधीच मोकळ्या तारखा चाळाव्यात. म्हैसूरला गर्दी असली तर बेळगोळकरांना मंड्याचा विचार करायला हरकत नाही. त्यासाठी अर्ज भरतानाच कार्यालय विचारपूर्वक निवडावे. सहावा महिना तर टेस्टसाठी ठेवूच नये. 2024 च्या जानेवारीअखेरीस ‘सारथी’ व्यवस्थाच दहा-बारा दिवस बिघडली होती. त्या काळात मुदत संपणाऱ्यांना सरकारने 29 फेब्रुवारीपर्यंत सवलत दिली खरी, पण ती देशभरचा बिघाड होता म्हणून. एजंटचा फोन लागत नव्हता, या कारणावर मुदतवाढ मिळत नाही.