रपट्यावरचे पाणी

आषाढ-श्रावणात सिपना नदीला किंवा तिला मिळणाऱ्या एखाद्या नाल्याला पूर चढला, म्हणजे धारणी तालुक्यातील ठेंगण्या रपट्यांवरून, म्हणजे पात्रातल्या फरशीपुलांवरून, पाणी वाहू लागते, अलीकडचे लोक अलीकडे व पलीकडचे पलीकडे अडकून पडतात, आणि ‘गुडघाभरच तर आहे’ असे म्हणून कोणीतरी पाण्यात पाऊल घालतो. त्याला बेपर्वा ठरवून मोकळे होणे सरकारी दप्तराला सोयीचे असले, तरी न्यायाचे नाही. कारण ज्या नदीच्या अनुभवावर तो विसंबतो, ती नदी रपट्यावर उरलेलीच नसते.

घन पृष्ठाला टेकलेले पाणी त्या पृष्ठाला धरून स्थिर राहते व तेथून दूर जावे तसतसा वेग वाढत जातो. या मंद थराचा, म्हणजे सीमास्तराचा, विचार लुडविग प्रांटल या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ साली हायडेलबर्गच्या गणितपरिषदेत मांडला. आपल्याकडे तो विमानाच्या पंखापाशीच अडकून पडला आहे, हे दुर्दैव. गोट्यांनी भरलेल्या नदीपात्रात तळाशी पाणी बरेच मंदावते, गोट्यांच्या आडोशाला मासोळ्या प्रवाहाकडे तोंड करून खुशाल उभ्या असतात, आणि उतारावरून नदी ओलांडणाऱ्याच्या पावलांनाही तेवढा दिलासा मिळतो. रपट्याची सिमेंटची फरशी मात्र गुळगुळीत. सेकंदाला दोन मीटर वेगाच्या पाण्यात, चार मीटर रुंदीच्या फरशीवर नव्याने बनणारा सीमास्तर पलीकडच्या कडेपर्यंत ढोबळ हिशेबाने सहा सेंटीमीटरच जाड होतो, म्हणजे घोट्याच्या वर पाण्याचा जवळजवळ पुरता वेग, आणि पायाखाली शेवाळ! शिवाय पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: अर्धा मीटर खोल पाण्यात दोन पायांवर सेकंदाला एक मीटर वेगाने सुमारे साडेसात किलोंचा भार पडत असेल, तर दोन मीटरला तो तीस आणि तीन मीटरला सदुसष्टच्या घरात जातो.

तेव्हा केवळ खोली सांगणारी रंगवलेली पट्टी अर्धीच हकीकत सांगते. उंच पूल मंजूर होतील तेव्हा होतील. तोवर प्रत्येक रपट्याची बंदीची खूण त्याच्या स्वतःच्या वेगावरून ठरविण्याची तजवीज बांधकाम खात्याने करावी. दोन खुणांमधून वाहत जाणारी काडी आणि एक घड्याळ एवढ्या साहित्यावर, काठावरूनच, हा वेग पुरेसा अजमावता येतो. पाणी त्या खुणेला लागताच तहसिलीच्या हुकमाची वाट न पाहता रस्त्यावर साखळी ओढण्याचा अधिकार गावच्या पोलीस पाटलाला लेखी द्यावा, आणि तो मृगापूर्वी द्यावा.