जपलेलं बी पेरायलाही हवं

माद्रिदमधले वनस्पतिशास्त्रज्ञ सेझार गोमेझ-काम्पो यांनी 1966 मध्ये कोबी-मोहरीच्या कुळातल्या रानटी वनस्पतींचं बी साठवायला सुरुवात केली. बी खडखडीत वाळवायचं, सिलिका जेलसह काचेच्या नळीत भरायचं, नळीचं तोंड आचेवर वितळवून बंद करायचं आणि थंडीत ठेवून द्यायचं. जवळपास 40 वर्षांनी त्यातल्या नळ्या फोडल्या, तेव्हा बहुतेक बी जोमानं उगवलं. बी जपायचं कसं, हे कोडं आता उरलेलं नाही. घोडं अडतं ते पुढेच, त्या बियांमधले गुण पिकात उतरवताना.

ब्रोकोलीचं बघा. सिसिलीतल्या एका रानकोबीचं बी 1983 मध्ये गोळा झालं. तिच्यात ग्लुकोराफॅनिन हे गंधकयुक्त द्रव्य भरपूर. रिचर्ड मिथेन आणि नॉर्विचमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा ब्रोकोलीशी संकर केला. रानटी झाडाचे नको ते गुणही सोबत येणारच. मग पुन्हा ब्रोकोलीशी संकर, पुन्हा निवड, अशा पिढ्यांमागून पिढ्या. नेहमीच्या दोन-तीन पट ग्लुकोराफॅनिन असलेली ‘बेनेफोर्टे’ ब्रोकोली ब्रिटनच्या बाजारात आली ती 2011 मध्ये. 28 वर्षं! दरवर्षी नफा दाखवावा लागणारी कंपनी एकटीनं एवढी कळ काढणार नाही. सुरुवातीचं हे रखडणारं काम तिथे सार्वजनिक संशोधन संस्थांनी पेललं.

असंच काम आपल्याकडेही हवं आहे. आपल्या जुन्नर-नाशिकच्या शेतकऱ्याला कोबी-फ्लॉवरमध्ये छळतो तो घाण्या रोग. पानांच्या कडेला ‘व्ही’च्या आकाराचे पिवळे डाग, काळ्या पडलेल्या शिरा, शेवटी सडलेला गड्डा. रोग जिवाणूंचा, त्यामुळे एकदा झाडात शिरला की फवारणीनं फारसं साधत नाही. त्याला तोंड देण्याची ताकद इथिओपियन मोहरीत आहे. पण तिचा फ्लॉवरशी संकर केला तर गर्भ सहसा टिकत नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तो कोवळा गर्भ काढून पोषक माध्यमावर वाढवला आणि रोगप्रतिकाराचा गुण फ्लॉवरमध्ये उतरवला. मला हे काम कुठल्याही नव्या औषधापेक्षा मोलाचं वाटतं, आणि त्याची आपल्याकडे पुरेशी चर्चाही होत नाही याचं वाईट वाटतं.

हे काम पुढे न्यायचं तर राज्यातल्या कृषी विद्यापीठांनी बियांचा साठा जपणाऱ्या राष्ट्रीय वनस्पती अनुवंशिक संपदा ब्युरोकडून कोबीवर्गीय नमुने मागवावेत, मुद्दाम घाण्या असलेल्या जमिनीत लावावेत आणि कोणते तगले ते शेतकऱ्यांसमोर जाहीर करावं. सरकारनं त्यासाठी एका हंगामाचा नव्हे, निदान 10 वर्षांचा निधी एकदम बांधून द्यावा.